दगड तेवढे ध्यानांत राहिले

शर्ली जॅक्सन ह्या अमेरिकन लेखिकेची ‘दि लॉटरी’ ही कथा २६ जून १९४८ च्या ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झाली. सुमारें ३०० वस्तीचें गांव दरवर्षीं चिठ्ठ्या काढतें. काळा ठिपका ज्याला येईल त्याला सारे मिळून दगडांनीं ठार मारतात. कशासाठीं, हें कोणी विचारीत नाहीं. मूळची पेटी हरवली, विधि बहुतेक विसरला. दगड तेवढे ध्यानांत राहिले! इतर गांवांनीं प्रथा सोडल्याचें ऐकून म्हातारा वॉर्नर चिडतो. आजचा दिवसच विसरलें, असें म्हणत टेसी हचिन्सन हंसतमुखानें आलेली असते. चिठ्ठी स्वतःच्या घरावर येतांच मात्र तिला अन्याय दिसूं लागतो. पण तिच्या आक्रोशांत प्रथेचा धिक्कार कोठें आहे? विवाहित मुलीलाहि आमच्यांत धरा, असेंच ती ओरडते! अखेर तिच्या चिमुकल्या डेव्हीच्या हातांतहि कोणी तरी खडे ठेवतें.