साधा गॅस्ट्रो की आणखी काही?

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेनिमित्त भरलेल्या मेळाव्यात रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागातर्फे केलेले भाषण)



अहवालवर्षातील कामाचे आकडे कार्यवाहांनी आपणांपुढे मांडलेच आहेत. त्यांची पुनरुक्ती न करता आम्ही आज एका अगदी नित्याच्या तक्रारीविषयी बोलू इच्छितो. पावसाळा सुरू झाला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘पोट बिघडलंय’. यांपैकी बहुतेकांना साधा गॅस्ट्रो, म्हणजे आतड्याचा जंतुसंसर्ग झालेला असतो आणि दोनतीन दिवसांत ते बरे होतात. परंतु याच वाक्याआड काही वेळा अगदी निराळा आजार दडलेला असतो. तो वेळीच ओळखण्यासाठी घरच्या माणसांनी काय पाहावे आणि आम्ही काय विचारावे, हा आजचा विषय आहे.

प्रारंभी आमची स्वतःची एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. संबंधित कुटुंबाच्या संमतीने, नाव न घेता ती सांगत आहोत. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका संध्याकाळी अकरा वर्षांच्या एका मुलाला त्याची आजी घेऊन आली. दोन उलट्या, दोनतीन पातळ जुलाब, थोडा ताप. त्या आठवड्यात आमचा कक्ष गॅस्ट्रोच्या रुग्णांनी भरलेला होता. आम्ही केसपेपरवर ‘गॅस्ट्रो’ लिहिले, औषध दिले आणि घरी पाठविले. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगा परत आला तेव्हा त्याचे पोट लाकडासारखे कडक झाले होते. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटून पोटात पू पसरला होता. शस्त्रक्रिया झाली, दीर्घकाळ उपचार घ्यावे लागले आणि मुलगा सुखरूप घरी गेला. निरोप घेताना आजी म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, त्याचं पोट आदल्या रात्रीपासून दुखत होतं. उलटी मागाहून झाली. पण मला हे कुणी विचारलंच नाही.’

त्या एका वाक्यात निदानाचा धागा होता. म्हणून आज आम्ही चार प्रश्न आपणांपुढे ठेवीत आहोत.

तत्पूर्वी साधा गॅस्ट्रो कसा वागतो, हे पाहू. विषाणू किंवा जंतू आतड्याच्या अस्तरावर बसतात, अस्तर पाणी शोषून घेईनासे होते आणि ते पाणी जुलाबावाटे बाहेर पडते. सुरुवात बहुधा मळमळ व उलटीने होते. पाठोपाठ पातळ जुलाब लागतात. पोटात मुरडा येतो, शौचास जाऊन आले की थोडा आराम पडतो आणि पुन्हा कळ येते. दुखणे एका जागी बोट ठेवून दाखविता येत नाही. पोट हाताला मऊ लागते. नोरोव्हायरससारख्या विषाणूचा त्रास साधारणपणे एक ते तीन दिवसांत ओसरतो. लहान मुलांमधील रोटाव्हायरसचा त्रास आठवडाभरही चालू शकतो. घरात किंवा शेजारी आणखी कोणी आजारी असणे, हीही एक खूण आहे. लग्नाच्या पंगतीनंतर अवघ्या काही तासांत अनेकांना एकदम उलट्या सुरू झाल्या, तर जंतूंनी अन्नात आधीच तयार केलेल्या विषाची बाधा संभवते.

यावर खरे औषध पाणी व मीठ हेच. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजविले. शंभरांतील सुमारे तीस रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चाराच्याही खाली आले. आज हेच द्रावण ओआरएसच्या पुडीतून मिळते. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि घोटघोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. मोठ्यांना पेज, ताक, मऊ भात द्यावा. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस झिंक द्यावे. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने शासकीय लसीकरणात आली असून ती बाळाला अवश्य द्यावी.

आता चार प्रश्न.

पहिला प्रश्न : आधी काय सुरू झाले? गॅस्ट्रोत उलटी व जुलाब बहुधा आधी येतात किंवा दुखण्याबरोबरच येतात. अपेंडिक्समध्ये दुखणे आधी येते. अपेंडिक्सचे तोंड बंद होऊन ते फुगते, तेव्हा प्रथम बेंबीभोवती मोघम दुखते; भूक मरते, मग उलटी होते. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या आवरणाला भिडते आणि दुखणे उजव्या बाजूला खाली येऊन स्थिरावते. खोकताना, चालताना, रिक्षा खड्ड्यातून जाताना तेथे कळ उठते. मूल वाकून चालते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. अपेंडिक्स ओटीपोटात खोल असेल तर त्याच्या सूजेने गुदाशय चाळवला जातो व थोडे थोडे जुलाब होऊ शकतात. आमची फसगत नेमकी येथेच झाली. जुलाब आहेत म्हणून अपेंडिक्स नाही, असे समजू नये. लहान मुलांत तर ही लक्षणे अधिकच अस्पष्ट असतात.

दुसरा प्रश्न : दुखते कोठे? जेवणानंतर, विशेषतः तेलकट जेवणानंतर, उजव्या बरगडीखाली दुखून कळ पाठीकडे वा खांद्याकडे गेली, तर पित्ताशयातील खडे संभवतात. पोटाच्या वरच्या भागातून आरपार पाठीत जाणारे व पुढे वाकल्यावर थोडे हलके वाटणारे तीव्र दुखणे स्वादुपिंडाच्या सूजेचे असू शकते. छातीच्या खाली जळजळ, दरदरून घाम, मळमळ आणि जीव घाबरणे, याला आपण ‘पित्त झालं’ म्हणून सोडा घेतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकाराचा झटका अनेकदा असाच येतो. अशा वेळी ईसीजी काढण्यास विलंब करू नये. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात अचानक दुखू लागले, तर गर्भ नलिकेत राहिल्याची शक्यता तत्काळ तपासावी लागते.

तिसरा प्रश्न : बाहेर काय पडते आणि काय पडत नाही? रक्त व आव पडणे, तांदळाच्या धुवणासारखे भराभर जुलाब होणे, या दोहोंसाठी दवाखाना गाठावा. उलटी हिरवी होत असेल, पोट फुगले असेल आणि वारा वा शौच दोन्ही बंद असतील, तर आतडे कोठेतरी अडकले आहे असे समजावे. पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी व हर्निया असलेल्यांनी विशेष दक्ष राहावे. तान्हे बाळ थांबून थांबून किंचाळून रडते, पाय पोटाशी घेते, मधल्या वेळात मलूल पडते आणि लालसर शेम जाते, तेव्हा आतड्यात आतडे शिरलेले असू शकते. ‘दात येतायत’ असे म्हणून ते अंगावर काढू नये.

चौथा प्रश्न : किती दिवस? गॅस्ट्रो दिवसागणिक उतरतो. जुलाब चौदा दिवसांहून अधिक चालले तर कारण शोधलेच पाहिजे. गॅस्ट्रोनंतर काहींना काही काळ दूध पचत नाही. महिनोन्महिने पोटात दुखून शौचाच्या सवयी बदलतात, परंतु वजन टिकून असते, रक्त पडत नाही आणि रात्री झोपेतून उठावे लागत नाही, तेव्हा बहुधा आतड्याची संवेदनशीलता वाढलेली असते. उलट वजन घटणे, संध्याकाळचा ताप, शौचातून रक्त, रक्ताची कमतरता ही लक्षणे असतील तर आतड्याचा क्षयरोग, आतड्याची दीर्घकालीन सूज वा कर्करोग यांचा तपास करावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिया-बारे आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, त्यांतील अनेकांना आधी जुलाब झाले होते. पोट बरे झाल्यानंतरच्या काही दिवसांत वा आठवड्यांत पायांत मुंग्या येऊन जोर कमी होऊ लागला, तर ती निव्वळ अशक्तता समजू नये.

काही घरगुती उपायांबद्दलही नम्रपणे सांगावेसे वाटते. पोट दुखत असता एरंडेल देणे, ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळणे, हे अपेंडिक्स असल्यास घातक ठरू शकते. जुलाब थांबविणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. उरलेली प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत. विषाणूंवर ती चालत नाहीत.

पुढील खुणा दिसल्यास सकाळची वाट पाहू नका : पोट कडक होणे, दुखणे सतत वाढत जाणे, सहा ते आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, मूल सुस्त पडणे वा पाणी न पिणे, हिरवी किंवा रक्ताची उलटी, काळे वा रक्तमिश्रित शौच, मधुमेही रुग्णाला उलट्यांबरोबर धाप लागणे.

त्या प्रसंगानंतर पोटाच्या तक्रारीच्या प्रत्येक केसपेपरवर हे चार प्रश्न आम्ही छापून घेतले. घरी जाणाऱ्या रुग्णालाही आता ‘बरे वाटेल’ एवढेच सांगून पाठवीत नाही. कोणती खूण दिसल्यास परत यावे, ते लिहून देतो आणि दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा तपासतो. कारण पहिल्या काही तासांत उत्तम डॉक्टरांनाही निदान निश्चित करता येईलच असे नाही. पुन्हा तपासणे हाच तेथे मोठा आधार असतो.

देणगीदारांच्या औदार्यामुळे रुग्णालयात यंत्रे येतात आणि विश्वस्तांच्या दक्षतेमुळे ती चालू राहतात. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु दुखणे प्रथम कधी व कोठे सुरू झाले, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ते रात्रभर उशाशी बसलेल्या माणसालाच ठाऊक असते. तेव्हा नातेवाईक बंधुभगिनींना आमची एकच विनंती आहे. आम्ही विचारावयास विसरलो, तरी आपण सांगावयास विसरू नका. आमच्या घाईत आपले म्हणणे राहून गेले असे वाटले, तर संकोच न करता पुन्हा सांगा. ऐकून घेणे हे आमचे काम आहे.