पडद्यावरचा वाचक आणि वर्गणीदाराचे नाते

(सुवर्णमहोत्सवानिमित्त नांदगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मासिके, साप्ताहिके आणि ग्रंथप्रकाशक आज वाचकांपर्यंत पोहोचण्यासाठी संगणक आणि मोबाइल यांचा आधार घेत आहेत. छापील अंक टपालाने येण्यापूर्वीच त्यातील लेख पडद्यावर उमटतो, पुस्तक विकत घेण्याआधी त्याची काही पाने घरबसल्या चाळता येतात, लेखकाची मुलाखत ऐकता येते. हा बदल नवा असला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न जुनाच आहे. छापलेला शब्द आणि तो वाचणारा माणूस यांच्यात नाते कसे जुळते आणि ते कशामुळे टिकते, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार सिंधुदुर्गात व्हावा, हे उचितच आहे. मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे सुपुत्र. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. इंग्रजी आणि मराठी मजकूर त्यात शेजारी शेजारी छापला जात असे. दोन वेगवेगळ्या वाचकवर्गांना एकाच पानावर आणण्याची ती योजना होती. वाचकांच्या पत्रांनाही त्यात स्थान होते. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले. परंतु वाचकाने केवळ ऐकून न घेता उत्तरही द्यावे, हा संस्कार मागे राहिला.

याच भूमीशी नाते सांगणारे दुसरे नाव काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे. त्यांचे मूळ आडनाव आजगावकर. १८९५ मध्ये त्यांनी ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. फराळाच्या ताटाबरोबर घरात वाचनाचे साहित्यही आले पाहिजे, ही मराठी माणसाची सवय तेथून रुजली. सोलापुरात शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात सुरू केलेले ‘जैन बोधक’ हेदेखील याच परंपरेतील. विखुरलेल्या समाजाला एकमेकांची वार्ता कळावी, विचारांची देवाणघेवाण व्हावी, यासाठी असे नियतकालिक हाच मोठा आधार होता.

या सर्व प्रयत्नांचा कणा होता वर्गणीदार. वर्गणीदार म्हणजे नुसता गिऱ्हाईक नव्हे. अंक निघण्याआधीच पैसे भरून तो संपादकावर विश्वास ठेवतो आणि अंक उशिरा आला, तर हक्काने पत्रही लिहितो. ग्रंथप्रकाशनातही हेच दिसते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकाने नव्या पुस्तकांची वार्ता गावोगावच्या वाचकाला दिली. १९७० च्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘ग्रंथाली’ने वाचकालाच चळवळीचा सभासद केले आणि १९८२ मध्ये ग्रंथयात्रा काढून पुस्तके महाराष्ट्रभर नेली. वाचक पुस्तकाकडे येत नसेल, तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, हे त्यामागील सूत्र होते. पुढे २०१० मध्ये गांगल यांनीच ‘थिंक महाराष्ट्र’ हे संकेतस्थळ उभे केले. साधन बदलले, सूत्र तेच राहिले.

कोकणातील वाचकाला अंतराची अडचण पूर्वापार जाणवत आली. एके काळी मुंबईची आगबोट मालवण, देवगड, विजयदुर्गच्या बंदरांना लागे, पुढे एस. टी. आली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. तरीही पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात सहज मिळणारे पुस्तक नांदगावसारख्या गावी मिळणे कठीणच होते. ‘बुकगंगा’सारख्या संकेतस्थळांनी ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली. मागणी नोंदवली की पुस्तक घरी येते. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ने मराठी बोलकी पुस्तके आणली, त्यामुळे दृष्टी मंदावलेल्या ज्येष्ठांनाही ग्रंथसंगती लाभली.

संगणकावरील मराठीची वाट मात्र सोपी नव्हती. आरंभी प्रत्येक प्रकाशनाचा टंक वेगळा असे. तो वाचकाच्या संगणकावर नसेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत देवनागरीचा समावेश झाला आणि पुढे तिचा वापर वाढत गेल्यावर ही अडचण दूर होऊ लागली. युनिकोडमधील मजकूर कोठेही वाचता येतो. विशेष म्हणजे त्यात शब्द शोधता येतो. पानाचे केवळ छायाचित्र ठेवले तर ही सोय सहज मिळत नाही. हा फरक तांत्रिक वाटेल, पण जुन्या अंकातील एखाद्या पूर्वजाचे नाव शोधणाऱ्याला त्याचे मोल कळते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, छपाई आणि वितरण विस्कळीत झाले आणि या साधनांची खरी कसोटी लागली. अनेक नियतकालिकांनी अंक पडद्यावर दिले; प्रकाशकांनी लेखकांच्या मुलाखती घराघरांत पोहोचवल्या. ज्यांनी आधीच तयारी केली होती, त्यांना हे सुकर झाले. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच्या परिवारातून २०१९ मध्येच ‘कर्तव्य साधना’ हे स्वतंत्र डिजिटल नियतकालिक सुरू झाले होते. छापील साप्ताहिक बंद न करता त्याच्या जोडीला नव्या वाचकासाठी दुसरे दार उघडण्याचा हा मार्ग होय.

परंतु या सोयीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोबाइलवर एखादा लेख कितीजणांनी उघडला, हे लगेच कळते. या आकड्याच्या मोहात मथळे भडक होतात आणि मजकूर उथळ होतो. लेख उघडणारा प्रत्येकजण वाचक असतोच असे नाही, आणि वाचणारा प्रत्येकजण वर्गणीदार होत नाही. जाहिरातींच्या उत्पन्नाचा मोठा वाटा आता परदेशी कंपन्यांकडे जातो. अशा वेळी मराठी मासिकाला लाखो क्षणिक पाहुण्यांपेक्षा हजारभर निष्ठावान वर्गणीदारच तारतात.

याहून गंभीर गोष्ट अनधिकृत प्रतींची. दिवाळी अंक बाजारात येतो न येतो तोच त्याची प्रत मोबाइलवरून फिरू लागते. नुकतेच प्रसिद्ध झालेले पुस्तक ‘ज्ञानदान’ म्हणून पुढे पाठवले जाते. पाठवणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. वाचनाची आवड वाढावी, असेच त्याला वाटते. पण त्या पानांमागे लेखकाची वर्षे, मुद्रितशोधकाचे डोळे आणि छोट्या प्रकाशकाचे भांडवल असते. अस्तेय व्रताचा अर्थ न दिलेले न घेणे असा जाणणाऱ्या समाजाला हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. दान स्वतःच्या वस्तूचे असते. दुसऱ्याच्या वस्तूचे दान होत नाही.

मोफत वाचनाचे सन्मार्गही आहेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य सामान्यतः प्रताधिकारमुक्त होते. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ पासून सर्वांना खुली आहेत. ‘ई-साहित्य प्रतिष्ठान’ लेखकांच्या संमतीने पुस्तके विनामूल्य देते. वाचायला पैसे नाहीत, म्हणून वंचित राहण्याचे कारण उरलेले नाही. ज्यांची ऐपत आहे, त्यांनी विकत घ्यावे, एवढीच अपेक्षा.

यातून स्थानिक पातळीवर काय करता येईल? प्रत्येक कुटुंबाने किमान एका मराठी नियतकालिकाची वर्गणी भरावी, मग तो अंक छापील असो वा पडद्यावरचा. आवडलेला लेख पुढे पाठवताना मूळ ठिकाणाचा दुवा द्यावा, जेणेकरून नवा वाचक त्या दारापर्यंत जाईल. संपादकाला दोन ओळींचे पत्र लिहावे. उत्तर देणारा वाचक हीच नियतकालिकाची शक्ती असते. माळ्यावरचे जुने अंक रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयाला विचारावे. आणि प्रस्तुत स्मरणिकेसारख्या प्रकाशनाच्या मोजक्या छापील प्रतींबरोबरच तिचा मजकूर युनिकोडमध्ये जतन करावा. मुंबई, पुणे किंवा परदेशी स्थायिक झालेल्या पुढच्या पिढीतील कोणी तीस वर्षांनी आपल्या आजोबांचे नाव शोधील, तेव्हा ते त्याला सापडले पाहिजे.

साधने बदलत राहतील. आगबोट गेली, रेल्वे आली. उद्या मोबाइलच्या जागी आणखी काही येईल. शब्दावर विश्वास ठेवून त्याचे मोल देणारा वाचक मात्र प्रत्येक पिढीला नव्याने घडवावा लागतो. ते कार्य घरातच सुरू होते.

पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या या संस्थेच्या पुढील कार्यास हार्दिक शुभेच्छा. जय जिनेंद्र!