न शिकवलेल्या गोऱ्ह्याचा भाव



आज बोलूया गोऱ्ह्याच्या विक्रीबद्दल.
ज्याच्या मानेवर अजून जू चढलं नाही, त्या गोऱ्ह्याबद्दल.

गावोगाव ट्रॅक्टर आले.
बैलाला गिऱ्हाईक कमी झालं.
त्यात गोऱ्हा शिकलेला नसला,
की घेणारा त्यावरच भाव पाडतो.

म्हणून विकण्याआधी गोऱ्हा शिकवा.
शांत, जुन्या बैलासोबत त्याला जुंपा.
आधी हलका ओंडका ओढू द्या.
थोडाच वेळ, पण रोज.
मारू मात्र नका.
बुजलेलं जनावर बाजारात लगेच ओळखू येतं.

वय खरं सांगा.
साधारण दोन वर्षांनंतर दुधाचे पुढचे दोन दात पडतात, पक्के येतात.
घेणारा तोंड उघडून पाहणारच!

आता वेळ.
धान निघालं की विकणारे पुष्कळ.
चिखलणी जवळ आली की घेणारे वाढतात.
घरी तणस पुरत असेल, तर थांबा.
तेवढ्यात गोऱ्हा शिकवा.
पुन्हा सांगते, आधी शिकवा, मग विका.

कमीत कमी किती घ्यायचे, ते घरीच सगळ्यांनी बसून ठरवा.
दलालाच्या घाईत ठरवू नका.

आणि बाजाराला निघताना गोऱ्ह्याच्या कानातला १२ अंकी बिल्ला पाहा.
नसेल, तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तो लावून घ्या.