नग कुणाच्या नावावर?

आज आपण विमानात हरवलेल्या सामानाबद्दल बोलणार आहोत. कुणी म्हणेल, आम्हाला कुठलं आलंय विमान! पण आपल्या घनसावंगी तालुक्यातच जरा मोजून बघा. हजला आणि उमऱ्याला जाणाऱ्या बाया आहेत. लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेलेल्या आया आहेत. गटाचा माल घेऊन दिल्लीच्या प्रदर्शनाला जाणाऱ्या आपणच आहोत. चिकलठाण्याच्या विमानतळावर आता नऊवारीतली बाई दिसली तर कुणी वळून बघत नाही.

मोसंबी दिल्लीला पाठवताना ट्रान्सपोर्टवाला काय देतो? बिल्टी. किती नग, कुणाचे, कुठे उतरायचे, सगळं तिच्यावर असतं. बिल्टी हरवली तर माल आपला असूनही तोंडाने सांगत बसावं लागतं. विमानातही तेच आहे. काउंटरवर बॅग दिली की तिच्या मुठीला एक लांब पट्टी चिकटवतात आणि तिचाच छोटा तुकडा आपल्याला देतात, बहुतेक वेळा बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून. त्यावर दहा आकडी नंबर असतो. ती आपली बिल्टी. पट्टीवर उतरायच्या शहराची तीन अक्षरं असतात, मुंबईची बीओएम, दिल्लीची डीईएल. ती तिथेच विचारून घ्यायची. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नका, “ताई, बॅग कुठपर्यंत जाणार?” एवढं मराठीत किंवा हिंदीत विचारलं तरी पुरतं.

आता मुद्द्याचं. चौघी-पाच जणींचं तिकीट एकत्र काढलेलं असतं. काउंटरवर सगळ्या बॅगा एकदम ठेवतात आणि पाचही तुकडे एकीच्याच पासवर चिकटवले जातात. घरची मंडळी असली तर ते बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या पासवर जातात. आपल्याला सवयच आहे म्हणा, सातबारा त्यांच्या नावावर, मोटारसायकल त्यांच्या नावावर, मग बॅगही त्यांच्याच नावावर. पण इथे त्याचा हिशोब पैशात होतो. देशातल्या प्रवासात सामान हरवलं, फुटलं किंवा उशिरा आलं तर कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त २०,००० रुपयांपर्यंत असते, आणि ती दर प्रवाशामागे असते, दर बॅगेमागे नाही. गटाच्या मालाची पाच खोकी एकीच्याच नावावर गेली आणि पाचही गहाळ झाली, तर बोलणी त्या एकीच्या मर्यादेवरच अडकतात. म्हणून काउंटरवर स्पष्ट सांगायचं, ज्या बाईचं खोकं, तिच्याच नावावर पट्टी, आणि तुकडा तिच्याच हातात.

परदेशच्या प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. तो १९९९ चा, आपला देश त्यात २००९ मध्ये आला. सौदी अरेबिया आणि दुबईचा देशही त्यात आहे. त्या करारातली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं मोजमाप आहे, रुपयांत धरलं तर दीड लाखाच्या पुढे जातं. पण लक्षात घ्या, ही कमाल मर्यादा आहे. एवढे पैसे आपोआप मिळत नाहीत. काय गेलं आणि केवढ्याचं होतं, ते आपल्यालाच दाखवावं लागतं.

आमच्या गटाच्या बाया दिल्लीच्या प्रदर्शनाला गेल्या, तेव्हा मुंबईत विमान बदललं होतं. दिल्लीत पट्ट्यावर चार खोकी आली, पाचवं आलंच नाही. त्यात मसाला आणि ज्वारीचे पापड होते, गटाने कर्ज काढून भरलेला माल. तिथला मुलगा म्हणाला, “आंटी, आप जाइए, हम फोन करेंगे.” आमची हिशोबाची वही सांभाळणारी अक्का हललीच नाही. “लिहून द्या, मग जातो,” एवढंच ती तीनदा म्हणाली. अर्ध्या तासाने कागद मिळाला. खोकं तिसऱ्या दिवशी आलं, तोवर प्रदर्शनाचे चांगले दिवस निघून गेले होते. अक्काने गटाच्या वहीतली नोंद, मालाची बिलं आणि त्या कागदाची प्रत जोडून अर्ज दिला. काही रक्कम मिळाली, सगळी नाही. पण तो कागद नसता तर दमडी मिळाली नसती, हे आम्ही खात्रीने सांगतो.

त्या कागदाला पीआयआर म्हणतात. सामान येतं त्या हॉलमध्येच कंपनीचा काउंटर असतो, तिथे तो भरायचा. बाहेर पडून गाडीत बसलात की पुन्हा आत जाणं अवघड होतं. कागदावर पाच अक्षरं आणि पाच आकडे असा एक नंबर येतो. पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन कंपनीची. त्याच नंबरावर पुढे बॅगेचा तपास लागतो. “काळी बॅग” असं सांगून भागत नाही, काळ्या बॅगा ढिगाने असतात. म्हणून निघतानाच बॅगेचा आणि आतल्या सामानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बॅगेच्या आतही नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद टाका. बाहेरची पट्टी फाटली की तोच कामी येतो. हजच्या बॅगांवर नाव आणि कव्हर नंबर मोठ्या अक्षरांत लिहायला लावतात, ते उगाच नाही.

किती वेळ थांबायचं? नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने फेब्रुवारी २०२४ मध्ये सात कंपन्यांना बजावलं होतं की विमान उतरल्यावर शेवटची बॅग ३० मिनिटांत मिळाली पाहिजे. तेवढा वेळ बघा, मग काउंटर गाठा. बॅग फुटलेली मिळाली तर ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार द्यायची, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. दावा लावायला दोन वर्षं असतात. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५, आणि पुढे जालन्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिकिटासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगात फी लागत नाही.

२०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ते तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. माणसं एका गावी आणि बॅगा दुसऱ्या गावी, असं झालं. शेवटी केंद्र सरकारने कंपनीला ४८ तासांत बॅगा शोधून प्रवाशांकडे पोचवायला सांगितलं. अशा वेळी उड्डाण रद्द झालं तरी दिलेली बॅग आतच असते. ती परत मागायची किंवा पुढच्या विमानात चढवली का ते विचारायचं, आणि तुकडा फेकायचा नाही.

बॅगा मागे राहतात त्या जास्त करून विमान बदलताना. दोन विमानांमध्ये वेळ कमी असला की माणूस धावत पोचतो, बॅग पोचत नाही. दुसरं कारण आपल्या हातातलं आहे. बॅग मशीनखाली तपासतात, काही खटकलं तर बाजूला काढतात. पॉवर बँक आणि लायटर त्या बॅगेत चालत नाहीत. आणि बायांनो, खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्याही चालत नाहीत, सुक्या खोबऱ्यातलं तेल पेट घेतं म्हणून. लेकीच्या डिंकाच्या लाडवांसाठी खोबरं न्यायचंय? इथेच किसून, भाजून लाडू करूनच न्या.

गोळ्या-औषधं, डॉक्टरची चिठ्ठी, पासपोर्ट, पैसे, दागिना आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे. दागिन्यांची आणि रोख पैशांची जबाबदारी कंपन्या त्यांच्या नियमांतच झटकतात. दोघी-तिघी सोबत असाल तर कपडे एकमेकींच्या बॅगेत थोडे थोडे वाटून टाका. एकीची बॅग राहिली तरी तिचं अडत नाही. तरीही अडलंच आणि साडी, साबण, औषध विकत घ्यावं लागलं, तर पक्कं बिल घ्या. तो खर्चही मागता येतो.

उमऱ्याला गेलेल्या बहिणींसाठी एक शेवटचं. झमझमचं पाणी बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणायचं नाही. सौदीत ती बॅग अडवतात आणि ती मागे राहते. कंपनी चालू देत असेल तर पाण्याचं बंद खोकं वेगळा नग म्हणून द्यायचं. त्याचीही पट्टी वेगळी, आणि तिचाही तुकडा आपल्याच पासवर.