शाळेच्या कामात घरची साथ

शाळेतून बोलावणं आलं की घरात पहिला प्रश्न उठतो, ‘पोरानं आता काय उद्योग केला?’ नुसत्या तक्रारीच ऐकाव्या लागल्या, तर पालक शाळेकडे फिरकेनासे होतात.

खरं तर कायद्यानं पालकांना मोठं स्थान दिलंय. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या जागा महिलांच्या. पण समितीच्या बैठकीपलीकडे, रोजच्या अभ्यासात घर कसं सामील होणार?

महाराष्ट्रात ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानानं एक वाट दाखवली. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावे भरतात. वस्तीतल्या आयांचे माता गट तयार होतात. मग सोप्या कृती घरीच होतात: मिसळलेली कडधान्यं निवडायची, ताट-वाट्या मोजायच्या, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगायची. यासाठी आईला लिहिता-वाचता यायलाच हवं असं नाही.

शिक्षकांनीही काही गोष्टी पाळाव्यात. पालकसभा मजुरी बुडणार नाही अशा वेळी, संध्याकाळी घ्यावी. बाबांना आणि आजी-आजोबांनाही आवर्जून बोलवावं. ‘अभ्यास घ्या’ असं मोघम न सांगता, ‘रोज दहा मिनिटं त्याचं वाचन ऐका’ असं नेमकं सांगावं. आणि गुरुजी, बाई, या आठवड्यात एखाद्या पालकाला फोन करा, फक्त मुलाचं कौतुक सांगायला!