शृंगेरीची लूट आणि सरदाराचा जाब



सातारा आणि सांगली हा शिपायांचा मुलूख. खंबाटकीच्या घाटाखालच्या आमच्या खंडाळ्यापासून थेट मिरजेपर्यंत जा. जेथून कोणी पलटणींत गेला नाहीं असें गांव क्वचितच आढळेल. अपशिंग्याच्या नांवाला तर 'मिलिटरी' हा शब्द कायमचाच जोडला गेला आहे. अशा मुलुखांत 'फौजेच्या हातून गुन्हा घडला तर जाब कोणी द्यावयाचा' हा प्रश्न काढणें अनेकांस रुचणार नाहीं. परंतु शिपायाच्या नांवाची खरी काळजी शिपायाच्या घरालाच असते; म्हणून हा प्रश्न आपल्यासारख्यांनींच काढला पाहिजे.

उदाहरण दूरचें नको, घरचेंच घेऊं. सन १७९१ मध्यें टिपू सुलतानावर मराठे, इंग्रज व निजाम यांची संयुक्त मोहीम चालू होती. मराठ्यांच्या एका फौजेचे सरदार तासगांवचे परशुरामभाऊ पटवर्धन. पराक्रमी, अनुभवी, धर्मनिष्ठ पुरुष. त्या वर्षीं पटवर्धनांच्या फौजेबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनीं शृंगेरीच्या मठावर धाड घातली. मठ लुटला गेला, माणसें मारलीं गेलीं, शारदेची मूर्ति स्थानभ्रष्ट झाली, आणि खुद्द स्वामींना मठ सोडून कारकळास आश्रय घ्यावा लागला. ज्या पीठापुढें पेशव्यांचा दरबार मस्तक नमवी, तें पीठ पेशव्यांच्याच झेंड्याखालीं लुटलें गेलें. आणि मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठीं द्रव्य पाठविलें तें टिपूनें! त्याचीं पत्रें सन १९१६ मध्यें मठाच्या दप्तरांतून उजेडांत आलीं.

याचा जाब कोणाकडे मागावयाचा? येथें एक सोपें उत्तर मिळतें: "पेंढारी ते आमचे नव्हेत." खरें आहे, पेंढाऱ्यांस पगार नसे. परंतु पगार नव्हता म्हणूनच त्यांना लुटीची मोकळीक असे, आणि त्या लुटीचा हिस्सा पालपट्टी म्हणून वसूल होई. ज्याला भाकर न देतां शत्रूच्या मुलुखांत सोडावयाचें, त्याच्या लुटींत वांटा घ्यावयाचा, आणि बोभाटा झाला म्हणजे तो आमचा नव्हे म्हणावयाचें, हा कोणता न्याय? लुटीच्या वस्तू मागाहून शोधीत बसण्यापेक्षां, पेंढारी बरोबर घेतांनाच या प्रश्नाचा विचार व्हावयास हवा होता.

हा विचार आपल्याकडे पूर्वीं झाला नव्हता असें मात्र नाहीं. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या बाजूस छावणीला असलेल्या स्वारांसंबंधीं शिवाजीमहाराजांनीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा कीं, दाणावैरण आतांच उधळाल तर पावसाळ्यांत घोडीं उपाशी मरतील. मग तुमचे लोक कुणब्याच्या घरांत शिरतील, आणि रयत म्हणेल कीं याहून मोगल बरे. जें लागेल तें बाजारांतून विकत घ्यावें. हें पत्र कोणाला लिहिलें आहे तें ध्यानांत घ्या. साध्या स्वाराला नव्हे. जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना! शिपाई रयतेच्या दारांत चोर म्हणून उभा राहतो, त्याच्या कितीतरी आधीं कोणा अधिकाऱ्याच्या हिशेबांत चूक झालेली असते, हें महाराजांनीं ओळखलें होतें. म्हणून गुन्हा घडण्यापूर्वींच त्यांनीं जबाबदारी वरच्याच्या माथ्यावर ठेविली.

दुसरें सोपें उत्तर याच्या अगदीं उलट असतें: "ते तर आमचे निवडक वीर!" याचें उदाहरण आपल्या काळांतील आहे. अफगाणिस्तानांत लढलेल्या ऑस्ट्रेलियाच्या खास पथकांविषयीं त्या देशाच्या सैन्यानेंच चौकशी करविली. मेजर जनरल पॉल ब्रेरटन यांचा अहवाल नोव्हेंबर २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. २३ घटनांत ३९ कैदी व निःशस्त्र लोक बेकायदा मारले गेले, आणि त्यांत २५ सैनिकांचा हात होता, असें मानण्याजोगा पुरावा आहे असें त्यांत म्हटलें आहे. यांतली एकहि हत्या लढाईच्या धुमश्चक्रींत झालेली नव्हती. नव्या सैनिकाचा हात बसावा म्हणून त्याच्याकडून कैद्यावर गोळी झाडविली जाई, व मागाहून प्रेताजवळ शस्त्र ठेवलें जाई, असेंहि अहवालांत आहे. वरिष्ठांस हें ठाऊक असल्याचा पुरावा मिळाला नाहीं. तरी नैतिक जबाबदारी त्यांजकडेच राहते असें अहवाल सांगतो. चौकशीचा अहवाल म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, आणि आरोपीला बचावाचा पूर्ण हक्क आहे. पण विशेष गोष्ट ही कीं, ज्यांच्या छातीवर पदकें होतीं त्यांच्याच पथकाची झडती त्यांच्याच फौजेनें घेतली.

"अशानें फौजेचें धैर्य खचतें" असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. मीं पुष्कळ वर्षें वर्ग सांभाळला आहे. वर्गांतल्या हुशार मुलाचा अपराध झांकला म्हणजे तो मुलगा बिघडतो हें तर खरेंच; परंतु त्याहून मोठें नुकसान सरळ मुलांचें होतें. सरळपणाला कांहीं किंमत नाहीं असें त्यांना दिसूं लागतें. फौजेंतहि कैद्यावर हात न टाकणारे शिपाईच पुष्कळ असतात. गुन्हा दडपला कीं त्यांच्या कपाळींहि तोच डाग बसतो. चौकशी हें त्यांचें संरक्षण आहे.

आणि चौकशीला कागद लागतात. येथें मला एका व्यवसायबंधूची आठवण होते. मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं सन १८९७ पासून पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें खंडामागून खंड छापून काढलीं. पटवर्धनांच्याच संस्थानांत राहून त्यांनीं पटवर्धनांच्या यशाबरोबर अपयशाचाहि कागद लोकांपुढें ठेविला. त्यामुळें पटवर्धनांची तलवार बोथट झाली नाहीं. खर्ड्याची लढाई वाचतांना आपणांस आजहि अभिमान वाटतोच. मात्र तो अभिमान आतां डोळस झाला आहे.

तेव्हां एवढेंच सांगावयाचें आहे. आपल्या फौजेवर आरोप आला म्हणजे "तो आमचा नव्हे" किंवा "तो आमचा वीर आहे" यांपैकीं कोणतेंहि वाक्य उच्चारण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: हुकूम कोणाचा होता, आणि ज्याचा होता त्याला कोणी विचारलें काय? हा प्रश्न ज्या घरांत निर्भयपणें विचारला जाईल, त्या घरांतून गेलेला शिपाई परमुलुखांतहि आपल्या गांवाचें नांव राखील.