अंदमानच्या आधीचे काळे पाणी



 हद्दपारीच्या इतिहासावर परिषद भरवायला ठाण्याइतके उचित गाव सापडणार नाही. आमचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि त्याचा तुरुंग झाला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले. अंदमानला धाडण्यापूर्वी सावरकरांनाही इथेच ठेवले होते.

अंदमान आपल्याला तोंडपाठ आहे. त्याआधीचे मॉरिशस मात्र आपण विसरलो. १८१० मध्ये इंग्रजांनी ते बेट फ्रेंचांकडून जिंकले. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला होता, मग रस्ते बांधायला माणसे कुठून आणायची? गव्हर्नर फर्कारने हिंदुस्थानातले कैदी मागवले. १८१५ पासून बंगालचे आणि पुढे मुंबई इलाख्याचे असे सुमारे दीड हजार कैदी जहाजांतून तिकडे गेले. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, तेव्हा तिचा बराच मुलूख याच इलाख्यात आला होता. तिकडे राज्य बदलले म्हणून मजूर हवे होते. इकडे राज्य बदलले म्हणून शिक्षा देणारा हात बदलला होता.

बंगालमधल्या जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदलेला असे. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन मॉरिशसच्या पोर्ट लुईला उतरला, तेव्हा तिथे सुमारे ८०० हिंदी कैदी सरकारी कामांवर राबत होते. त्यांतल्या वृद्धांच्या पांढऱ्याशुभ्र दाढ्या आणि नजरेतले तेज त्याने आवर्जून नोंदवले. नावे मात्र त्याने लिहिली नाहीत.

१८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर तिथे जाऊ लागले. त्यांत आपले कोकणी बांधवही होते. ते जिथे उतरत तो अप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यांच्याआधी खडी फोडून रस्ते करणाऱ्या कैद्यांचाही या वारशावर तितकाच हक्क आहे.

तरुण संशोधकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात न्यायखात्याची जुनी दफ्तरे आहेत. ती उघडा, या माणसांची नावे आणि गावे शोधा आणि त्यांना मराठी इतिहासात त्यांची जागा द्या.